कर्ज पाच लाखांचे, पगार अठरा हजारांचा

बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधील बुद्धविहारांत मार्गदर्शन शिबिरे भरतात. गुणवंतांचा सत्कार होतो, वह्या वाटल्या जातात, भाषणे होतात. भाषणे संपल्यावर आईबाप हळूच जवळ येतात आणि खरे प्रश्न तेव्हा विचारले जातात. अशाच एका शिबिरात सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी बी.एससी.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय जीवरसायनशास्त्र, म्हणजे बायोकेमिस्ट्री. गुण चांगले. एका खासगी संस्थेत एम.एससी.ला प्रवेश मिळत होता आणि फी, वसतिगृह, जेवण धरून दोन वर्षांचा खर्च पाच लाखांच्या घरात जात होता. बापाने विचारले, "सर, बँक कर्ज द्यायला तयार आहे. काढू का?"

व्यासपीठावर आम्ही सर्वजण नुकतेच "शिका" म्हणून आलो होतो. आता "नको काढू" कसे म्हणायचे? आणि "काढ" म्हणायचे तर त्या कर्जाचे पुढे काय होते, हे तरी आम्हाला कुठे माहीत होते? चळवळीने शिक्षणाचा मंत्र घरोघर पोहोचवला. त्या शिक्षणाचा जमाखर्च मात्र आपण कधी मांडला नाही. तो आज मांडायचा आहे.

आधी हिशेब

समजा, त्या मुलीने पाच लाखांचे कर्ज काढले. अडीच लाख पहिल्या वर्षी, अडीच लाख दुसऱ्या वर्षी. व्याज साडेदहा टक्के. शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. लोकांना वाटते, या काळात कर्ज झोपलेले असते. कर्ज झोपत नाही! व्याज चढतच असते. पहिल्या अडीच लाखांवर तीन वर्षांचे सरळ व्याज ७८,७५० रुपये आणि दुसऱ्या अडीच लाखांवर दोन वर्षांचे ५२,५०० रुपये. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी पाच लाखांचे ६ लाख ३१ हजार २५० झालेले असतात. हे कर्ज दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,५०० रुपये बसतो. दहा वर्षांत एकूण भरणा होतो सुमारे १० लाख २२ हजार. घेतले पाच, दिले दहा!

आता दुसरी बाजू पाहू. जीवरसायनशास्त्राची एम.एससी. झालेल्या मुलामुलींना पहिली नोकरी कुठे मिळते? औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात, लस किंवा तपासणी किट बनविणाऱ्या कंपनीत, खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, नाहीतर एखाद्या विनाअनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. आमच्याकडे येणारी मुले जे सांगतात त्यावरून सुरुवातीला पंधरा ते वीस हजारच हातात पडतात, आणि बहुतेकदा तेही कंत्राटी असतात. आपण अठरा हजार धरू. पुण्यात किंवा तळोज्याला कॉटबेसिसवर राहणे आणि खानावळ मिळून नऊ हजार, येण्याजाण्याचे दीड हजार. उरले साडेसात हजार. हप्ता साडेआठ हजारांचा. म्हणजे औषधपाणी, कपडालत्ता, घरी पाठवायचे पैसे हे सारे शून्य धरूनही दरमहा एक हजाराची तूट! ही तूट कोण भरणार? रात्रपाळी करणारा बाप.

हा हिशेब कोणालाही करता यावा म्हणून एक साधे गणित सांगतो. वरच्या अटींवर एक लाखाच्या कर्जाला महिन्याला सुमारे १,७०० रुपये हप्ता बसतो. मुलाच्या अपेक्षित पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त हप्ता नको, असे धरले तर अठरा हजारांच्या पगाराला साडेतीन हजारांचा हप्ता झेपतो. म्हणजे कर्ज फार तर दोन लाख. त्यापुढचे प्रत्येक हजार रुपये घरावर बसतात.

हा विषय उशिरा फळतो

मग जीवरसायनशास्त्र वाईट आहे का? मुळीच नाही. प्रथिने, विकरे, डीएनए यांचा अभ्यास करणारे हे शास्त्र आजच्या औषधनिर्मितीचा पाया आहे. इन्सुलिन असो, लस असो की कर्करोगावरील नवे औषध, या शास्त्रावाचून पान हलत नाही. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. परळला हाफकिन आहे, खारघरला टाटा स्मारकाचे कर्करोग संशोधन केंद्र आहे. अशा संस्थांमध्ये आपली मुले गेलीच पाहिजेत.

परंतु या विषयाचा एक स्वभाव आहे आणि तो प्रवेशाच्या रांगेत कोणी सांगत नाही. अभियंता चार वर्षांनी, परिचारिका तीन-चार वर्षांनी कमावू लागते. जीवरसायनशास्त्रात मात्र पदवीला फारशी किंमत नाही, पदव्युत्तर पदवीला थोडी आणि खरी किंमत पीएच.डी.नंतर आहे. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये डीएमएलटी झालेला मुलगा आणि जीवरसायनशास्त्राचा पदवीधर एकाच टेबलावर, जवळपास एकाच पगारावर बसतात. अन्न व औषध प्रशासनात औषध निरीक्षक होऊ, असे अनेकांच्या मनात असते. त्या पदासाठी प्रामुख्याने औषधनिर्माणशास्त्राची पदवी लागते, जीवरसायनशास्त्राची चालत नाही. हे शेवटच्या वर्षाला कळून काय उपयोग?

पीएच.डी.च्या वाटेवर मात्र चित्र पालटते. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, बार्टीची बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. पाच वर्षे धरली तर सुमारे २४ लाख रुपये विद्यार्थ्याच्या हाती येतात. ज्या विषयात दोन वर्षांच्या एम.एससी.साठी बँकेला दहा लाख मोजावे लागतात, त्याच विषयात पुढच्या पाच वर्षांसाठी सरकार चोवीस लाख देते!

मग अडचण कुठे आहे? अडचण मधल्या काळात आहे. नेट पहिल्याच झटक्यात फार थोड्यांना मिळते. एम.एससी.नंतर वर्ष-दोन वर्षे अभ्यास करावा लागतो, मुलाखतींसाठी फिरावे लागते, एखाद्या प्रकल्पात तुटपुंज्या मानधनावर काम करून अनुभव घ्यावा लागतो. आणि बँकेची सवलत संपते एका वर्षात. ज्या वर्षी मुलीने घरी बसून नेटचा अभ्यास करायचा, त्याच वर्षी साडेआठ हजारांचा हप्ता सुरू होतो. ती अभ्यास सोडते आणि मिळेल त्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीवर रुजू होते. एकदा त्या पाळीत अडकली की नेट सुटली, पीएच.डी. सुटली, ते चोवीस लाखही सुटले.

मुद्द्याची गोष्ट इथे आहे. हा विषय थांबू शकणाऱ्याला फळ देतो, आणि कर्ज माणसाची थांबण्याची ऐपतच काढून घेते. ज्याच्या घरी शेती आहे, फ्लॅट आहे, काका-मामा प्राध्यापक आहेत, त्याचा मुलगा पंचविशीपर्यंत निवांत थांबतो आणि सत्ताविसाव्या वर्षी शास्त्रज्ञ होतो. आपली मुलगी तितकीच हुशार असून बाविसाव्या वर्षी कर्जदार होते आणि तिशीत कंत्राटी केमिस्ट म्हणून उरते. मग उच्चवर्णीय मंडळी म्हणायला मोकळी की, यांच्यात गुणवत्ता नाही! गुणवत्तेचा प्रश्न नसून हप्त्याच्या तारखेचा प्रश्न आहे, हे त्यांना कोण सांगणार?

बाबासाहेबांनीही कर्ज काढले होते

शिबिरात एका कार्यकर्त्याने हा मुद्दा मांडला होता. तो खराच आहे. अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी १९२० साली लंडनला जाताना बाबासाहेबांनी आपले मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले होते. पण इतिहास अर्धा सांगू नये. त्याआधी १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. पैसा संपला की विद्या कशी थांबते, हे त्यांनी स्वतः भोगले. पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राची उसनवारी अशा तिन्हींच्या बळावर. त्यांच्या शिक्षणात शिष्यवृत्तीचा वाटा मोठा होता, कर्ज शेवटच्या टप्प्याला आणि तेही मित्राकडून.

म्हणूनच हाती सत्ता येताच त्यांनी काय मागितले, हे पाहिले पाहिजे. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी व्हाइसरॉयला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी, देशात आणि परदेशात, सरकारी खर्चाने शिष्यवृत्त्या मागितल्या. केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने समाज वर येणार नाही, प्रगत विज्ञान शिकले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. बाबासाहेबांनी कर्ज मागितले नव्हते. सरकारच्या तिजोरीतला आपला वाटा मागितला होता.

शिष्यवृत्तीकडून कर्जाकडे

त्या वाट्याचे पुढे काय झाले? १९८६ साली केंद्रात जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन झाला आणि या शास्त्रांना चांगले दिवस आले. परंतु पुढे २००० नंतर महाराष्ट्रात सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र यांच्या नव्या तुकड्या निघाल्या त्या बहुतांश विनाअनुदानित तत्त्वावर. त्याच महाविद्यालयात, त्याच इमारतीत मराठी-इतिहासाला अनुदान आणि जैवतंत्रज्ञानाला हजारोंची फी! ज्या विज्ञानासाठी बाबासाहेबांनी शिष्यवृत्ती मागितली, नेमके तेच बाजारात आणले गेले.

शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा पाहा. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी २०१३ मध्ये अडीच लाखांची मर्यादा ठरली. २०१९ साली आर्थिक दुर्बल घटकांना आरक्षण दिले तेव्हा त्यांच्यासाठी मर्यादा ठरली आठ लाख. म्हणजे वर्षाला तीन लाख मिळविणारा आपला सफाई कामगार शिष्यवृत्तीच्या दृष्टीने गरीब नाही आणि साडेसात लाख मिळविणारा दुसरा मात्र गरीब! महाराष्ट्रात अडीच लाखांवरील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना फ्रीशिपमधून शिक्षण शुल्क मिळते, हे खरे. पण निर्वाह भत्ता मिळत नाही, आणि घरापासून दूर राहून शिकायचे तर फीइतकाच खर्च खोली-खानावळीचा असतो. कर्ज तिथेच शिरते.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांत ५९ हजार कोटींची योजना मंजूर केली आणि केंद्र-राज्य हिस्सा ६०:४० ठरवला. स्वागतच आहे. परंतु पैसे मंजूर होणे वेगळे आणि वेळेवर खात्यात पडणे वेगळे. संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी बार्टीच्या विद्यार्थ्यांना २०२३ साली आझाद मैदानावर बसावे लागले. जे हात प्रयोगशाळेत असायला हवे होते, ते घोषणाफलक धरून उन्हात उभे होते. सरकारचा हप्ता थकला तर त्याला व्याज नाही. विद्यार्थ्याचा हप्ता थकला तर दंड, जामीनदाराला नोटीस आणि पुढच्या प्रत्येक कर्जाला आडवा येणारा सिबिलचा शेरा!

दुसरीकडे कर्जाच्या योजना मात्र थाटात येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण नाही, जामीनदार नाही, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात तीन टक्के सवलत. वाचून बरे वाटते. पण ही योजना लागू आहे ती केंद्राच्या क्रमवारीत वरच्या असलेल्या निवडक, मंजुरीच्या वेळी सुमारे ८६० संस्थांना. तालुक्याच्या विनाअनुदानित महाविद्यालयात शिकणारी आपली मुलगी त्या यादीत नाही. चांगल्या संस्थेत पोहोचलेल्याला स्वस्त कर्ज आणि जो पोहोचू शकला नाही त्याला महाग कर्ज, असा हा न्याय आहे.

मग विज्ञान सोडायचे का?

कदापि नाही! "तुम्हाला परवडत नाही, आयटीआय करा" हे मनूचेच नवे रूप आहे. आयटीआयमध्ये कमीपणा नाही, पण ती आपली निवड असली पाहिजे, आपल्यावर लादलेली मर्यादा नव्हे. विज्ञान शिकायचेच. फक्त वाट डोळसपणे निवडायची.

पहिली गोष्ट, या विषयात संस्थेच्या झगमगाटापेक्षा सार्वजनिक जागा मोलाची आहे. नागपूर विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. विद्यापीठांच्या विभागांत एम.एससी.ची फी खासगी संस्थेच्या तुलनेत नाममात्र असते आणि आरक्षण लागू असते. बी.एससी.च्या शेवटच्या वर्षी आयआयटीच्या एम.एससी.साठी जॅम परीक्षा देता येते, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी परीक्षा आहे आणि तिथे विद्यावेतनही मिळते. आपली किती मुले या परीक्षांचा अर्ज भरतात? नावच ठाऊक नसते! एक वर्ष थांबून ही परीक्षा पुन्हा दिली तरी ते वर्ष पाच लाखांच्या कर्जापेक्षा स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट, राहण्याचा खर्च. समाजकल्याणचे वसतिगृह मिळाले नाही म्हणून कर्ज काढू नका. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम मिळते. अर्जाची मुदत चुकवू नका.

तिसरी गोष्ट, खासगी संस्थेत जायचेच असेल तर प्रवेशाआधी लेखी विचारा: येथे शिष्यवृत्ती-फ्रीशिप लागू आहे का? व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळत नाही. फी भरल्यावर हे कळले तर परतीचा रस्ता राहत नाही. आणि "शंभर टक्के नोकरी" असे छापणाऱ्या संस्थेला गेल्या वर्षीच्या मुलांचे पगार विचारा. आकडा सांगत नसतील तर उत्तर मिळाले असे समजा.

चौथी गोष्ट, एवढे करूनही कर्ज लागलेच तर ते हक्काने घ्या, उपकार म्हणून नव्हे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी केंद्राची पतहमी योजना आहे. तिच्याखाली दिलेल्या कर्जाला तारण किंवा तिऱ्हाईत जामीन मागता येत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराचा कर्ज अर्ज शाखेच्या पातळीवर फेटाळू नये, तो वरच्या पातळीवर आणि कारण स्पष्ट नमूद करूनच फेटाळावा, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. शाखा व्यवस्थापकाने तोंडी "होणार नाही" म्हटले तर "साहेब, लेखी द्या" म्हणा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे बँकेपेक्षा कमी व्याजाची शैक्षणिक कर्ज योजना आहे, तिची आधी चौकशी करा. शिक्षणाच्या काळातच थोडे थोडे व्याज भरता आले तर भरा, म्हणजे पाचाचे सव्वासहा होणार नाहीत. आणि पुढे पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर लगेच बँकेला लेखी अर्ज करून हप्ते पुढे ढकलण्याची मागणी करा. गप्प बसणारा थकबाकीदार ठरतो.

चळवळीने काय करावे?

वैयक्तिक शहाणपणाने काही घरे वाचतील. समाज वाचायचा तर मागण्या हव्यात. शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा आठ लाख करा. विज्ञानाच्या विनाअनुदानित तुकड्यांना अनुदान द्या. अधिछात्रवृत्ती दर महिन्याला द्या आणि उशीर झाल्यास व्याजासह द्या. एम.एससी. झालेल्या आणि नेटची तयारी करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या कर्जाचे हप्ते दोन वर्षे थांबवा आणि त्या काळातील व्याज सरकारने भरावे. शासकीय प्रयोगशाळांमधील रिक्त पदे कंत्राटाऐवजी कायम भरा, कारण कंत्राटी पदाला आरक्षण कागदावरच राहते.

आणि एक काम आपले स्वतःचे. जयंतीला डीजे आणि रोषणाईवर एकेका वस्तीत लाखोंचा चुराडा होतो. त्यातील चौथा हिस्सा बाजूला काढून प्रत्येक विहाराने एक निधी उभारावा आणि एम.एससी. झालेल्या एका मुलाला किंवा मुलीला नेटच्या तयारीसाठी वर्षभर महिन्याला आठ हजार द्यावेत. वर्षाचे ९६ हजार होतात. एवढ्या पैशात एक वर्षाची थांबण्याची ऐपत विकत घेता येते. सयाजीरावांनी आणि शाहू महाराजांनी जे केले, त्याचा हा वस्तीच्या ऐपतीचा अंश आहे.

त्या बापाला आम्ही शेवटी काय सांगितले? "दादा, पाच लाखांवर सही करू नका. मुलीला विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसवा, जॅमचा अर्ज भरा, स्वाधारचा अर्ज भरा. कमी पडलेच तर लाख-दोन लाखांपुरतेच कर्ज घ्या." मुलीने सगळे आकडे वहीत उतरवून घेतले. बाप मात्र गप्प होता. जाताना एवढेच म्हणाला, "सर, हे बँकेत कोणी सांगितलं नाही."

बँक सांगणार नाही आणि संस्थाचालक तर नाहीच नाही. ते आपल्यालाच सांगावे लागेल. "शिका" हे सांगताना आता त्याच व्यासपीठावरून हिशेबही सांगितला पाहिजे. नाहीतर सावकाराच्या वहीतून सुटलेला आपला समाज शिक्षणाच्याच नावाने बँकेच्या वहीत पुन्हा नोंदला जाईल.

जयभीम!